शेवटून पहिले : नवख्या धावकांच्या गटाच्या नोंदी, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४

१ सप्टेंबर, रविवार

पुण्यातलं सहकारनगर, तळजई टेकडीचा पायथा. चौदा जण, वय २६ ते ५८. यातल्या कुणीही शाळा सुटल्यापासून सलग एक किलोमीटर धावलेलं नाही. बारा आठवड्यांत त्यांना पाच किलोमीटरच्या एका साध्या सामूहिक धावेत उतरवायचं, एवढंच आम्हा सहा शिकवणाऱ्यांचं काम. बक्षीस नाही, क्रमांक नाही, वेळेची अट नाही, अशीच धाव निवडली आहे.

धावण्याआधी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली: गटात धावताना कशाची भीती वाटते? नाव लिहायचं नाही. उघडल्यावर अंतराबद्दल फक्त दोन चिठ्ठ्या निघाल्या. बाकीच्या सगळ्या एकाच गोष्टीभोवती: मी शेवटी राहीन, माझ्यासाठी लोक खोळंबतील, चालायला लागलो तर सगळे बघतील. म्हणजे दम वाढवणं हे अर्धंच काम. दम नियमित आलं की वाढतोच, त्यात आमची फारशी करामत नाही. शेवटी राहण्याची धास्ती आपोआप जात नाही, त्यासाठी सराव मुद्दाम तसे बसवावे लागतील.

ठरलं ते असं. कुणाचीही वेळ व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही. वहीत नावांऐवजी १ ते १४ क्रमांक. प्रत्येक सरावात आमच्यातला एक जण सगळ्यांच्या मागे राहील, त्याला 'शेपूट' म्हणायचं, म्हणजे शिकाऊंपैकी कुणीच खऱ्या अर्थानं शेवटी नसेल. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची औषधं चालू असतील किंवा पूर्वी छातीत दुखलं असेल, चक्कर आली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून यायचं. अशा तिघांना आज फक्त चालवलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

दहा मिनिटं भरभर चालणं, मग १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं अशा आठ फेऱ्या, शेवटी पाच मिनिटं रमतगमत. एकूण ३९ मिनिटं.

पहिल्या फेरीत सगळे उधळले. पहिल्या मिनिटात धाप लागत नाही, म्हणून वेग बरोबरच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात श्वास आणि हृदयाचे ठोके त्या वेगाला गाठेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, तोवर सगळं उधारीवर चाललेलं असतं. वसुली चौथ्या फेरीत झाली.

वेग तपासायला घड्याळ नको, बाराचा पाढा पुरतो. धावता धावता मोठ्यानं म्हणायचा. 'बारा त्रिक छत्तीस'लाच तोंड बंद पडलं तर वेग जास्त. दोन-तीनदा श्वास घेऊन 'बारा दाहे वीसाशे'पर्यंत पोचलात तर ठीक. क्रमांक ६ ला बाराचा येईना, त्यांना दोनाचा दिला. काम तेच होतं.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. हजेरी आठ, त्यातले दोघे ढोल पथकातले. रात्री कमरेला ढोल बांधून तास-तासभर उभं राहिल्यावर सकाळी पोटऱ्या दगडासारख्या होतात. वाजवणं हासुद्धा व्यायामच धरायचा. आदल्या रात्री वाजवलं असेल तर सकाळी धावणं नाही, चालणं.

वेळ हातात होता म्हणून बूट तपासले. आठपैकी पाच जणांचे बूट तंतोतंत मापाचे, म्हणजे धावायला लहान. धावताना पाऊल पुढे सरकतं आणि थोडं फुगतंही. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नवे घ्यायचे तर संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून झाल्यावर, आणि ज्या मोज्यांत धावणार तेच घालून. टाच वर उचलली जात असेल तर अगदी वरचं भोक वापरायचं, जे बहुतेकांचं जन्मभर रिकामं राहतं. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकातून परत आत घालायची म्हणजे एक छोटा फास तयार होतो. दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून ओढायची, मग गाठ. टाच जागेवर बसते आणि पंजा आवळावा लागत नाही.

सुती मोजे बंद. भिजले की सुकत नाहीत, बोटांखाली चुरगळतात आणि फोड येतो. ओले बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवायचे नाहीत, तळवा चिकटवलेला असतो तो सुटतो. आतली पट्टी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी एकदा बदलायचे. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

१५ सप्टेंबर, रविवार

आजचा सराव या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून सविस्तर.

अंतर ठरवलं नाही, वेळ ठरवली. सगळे एकाच ठिकाणाहून एकदम निघाले. प्रत्येकानं आपापल्या वेगानं, २ मिनिटं धावणं आणि २ मिनिटं चालणं. बाराव्या मिनिटाला शिट्टी. शिट्टी ऐकू येईल तिथे पाय थांबवून मागे वळायचं आणि आलो त्याच वेगानं परत. वळल्या क्षणी सगळ्यात मागचा सगळ्यात पुढे झाला. वेग सारखा राखला तर चोवीस मिनिटांनी सगळे एकाच वेळी सुरुवातीच्या जागी पोचायला हवेत. कुणी कुणासाठी थांबत नाही, कुणाला कुणाचा खोळंबा होत नाही.

क्रमांक ११ जाताना ऐंशी-नव्वद पावलं मागे पडल्या होत्या, शिट्टीनंतर तेवढ्याच पुढे होत्या. परतीला त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. जाताना मात्र मान सारखी पुढच्यांवर होती.

क्रमांक २ आणि ९ तुफान गेले होते. परतीला दोघंही चालत, चौतीस मिनिटांनी. आम्ही काहीच बोललो नाही. या प्रकारात उधळलेल्या माणसाला त्याची चूक रस्ताच दाखवतो, हा दुसरा फायदा.

दोन गोष्टी बिघडल्या. वाऱ्यामुळे शिट्टी पुढच्या चौघांना ऐकू गेली नाही, पुढच्या वेळी प्रत्येकाच्या मोबाईलवर बाराव्या मिनिटाचा गजर. आणि जाताना चढ, येताना उतार असा रस्ता निवडला तर हिशेब कोलमडतो, म्हणून तळजईच्या पठारावरचा सपाट भागच घ्यायचा. चढाचा रस्ता वेगळ्या दिवशी.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. सराव नाही. गुरुवारीही कुणाकडून फार अपेक्षा नको.

२६ सप्टेंबर, गुरुवार

कालच्या पावसानं मैदानात तळं. ट्रॅकचा बेत पुढे. घरी करायला दिलं ते एवढंच: पायरीच्या कडेला पंजे ठेवून टाचा खाली सोडणं आणि वर उचलणं, १५ वेळा, तीन फेऱ्या. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं ३० सेकंद, तीनदा.

१ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रॅक, पहिली लेन, एक फेरी ४०० मीटर. किलोमीटरला ८ मिनिटांचा वेग म्हणजे फेरीला ३ मिनिटं १२ सेकंद. साडेआठचा वेग ३:२४. नऊचा ३:३६. पाच किलोमीटरला साडेबारा फेऱ्या. प्रत्येकाला आपला आकडा मनगटावर पेनानं लिहून दिला आणि चार फेऱ्या त्या आकड्याच्या पाच सेकंद अलीकडे-पलीकडे करायला सांगितल्या. लवकर आला तरी चूक, उशिरा आला तरी चूक. लवकर येणं ही चूक असू शकते, हे पचायला दोन फेऱ्या गेल्या.

वेगवान खेळाडूंना पहिली लेन मोकळी हवी असते, त्यामुळे चालताना आपण बाहेरच्या लेनमध्ये जायचं. पण बाहेरची फेरी लांब असते. क्रमांक १३ नं आठव्या लेनमध्ये सहा फेऱ्या मारल्या आणि २.४ किलोमीटर लिहिले. आठवी लेन सुमारे ४५३ मीटरची, म्हणजे झाले २.७. स्वतःला तीनशे मीटर कमी दिलेला माणूस प्रथमच पाहिला.

६ ऑक्टोबर, रविवार

दोन प्रश्न.

नवरात्राचे उपवास. चौघांचे नऊ दिवस कडक. आदल्या दिवशी फक्त वरई-साबुदाणा असेल तर सकाळी हलकं धावणं चालेल, लांब पल्ला नाही. निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावायचं नाही, यात वाद नको.

नडगी. क्रमांक ४ आणि ८, दोघांचीही दुखते. दोघांनीही आम्हाला न सांगता मधल्या दिवशी सोसायटीच्या काँक्रीटवर धावणं वाढवलं होतं. धाप लवकर सुधारते, हाड आणि स्नायूबंध सावकाश. दम आहे म्हणून अंतर वाढवलं की नडगी बोलते. दुसरं कारण लांब टांगा: पाय गुडघ्याच्या बराच पुढे, टाचेवर आदळतो. टांगा लहान करा, पावलं भरभर टाका, वेग तोच. दुखणं नडगीच्या कडेनं लांबवर पसरलेलं असेल तर चार-पाच दिवस चालणं आणि बर्फ. एका बोटानं दाखवता येईल असं एकाच जागी हाडावर दुखत असेल, किंवा त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल, तर धावणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे. क्रमांक ८ ला आज तसं पाठवलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

दम बऱ्यापैकी आहे, आता गर्दीची तालीम. चार पाण्याच्या बाटल्या ठेवून तीन मीटर रुंद वाट आखली. क्रमांक ८ सोडून तेरा शिकाऊ आणि सहा आम्ही, एकोणीस जण त्यातून एकदम सोडले. कोपर लागलं, एकाची टाच दुसऱ्याच्या बुटावर पडली, दोघं दचकून थांबले आणि मागचे त्यांच्यावर. हेच हवं होतं. परत तीनदा केलं. नियम तोंडपाठ: सुरुवातीला मागच्या तिसऱ्या भागात उभं राहायचं, कोपरं अंगाजवळ, नजर पुढच्याच्या खांद्यावर, पायावर नाही. ओलांडताना 'उजवीकडून' असं आधी म्हणायचं. चालायचं असेल तर हात वर, डाव्या कडेला सरकायचं, मग चालायचं. मध्येच ब्रेक मारायचा नाही. तिघं गप्पा मारत रांगेनं रस्ता अडवत नाहीत, रविवारी सकाळी ही सवय पुण्यात अवघड असली तरी.

मग पाणी. टेबलावर कागदी कप, दोन-तृतीयांश भरलेले. काठोकाठ भरला तर नाकात जातो. कप वरून चिमटीत दाबायचा म्हणजे चोच तयार होते, त्या चोचीतून दोन-तीन घोट. पहिल्या कपावर झडप घालायची नाही, टेबलाच्या शेवटच्या टोकाचा कप घ्यायचा, कारण गर्दी पहिल्या टोकाला होते. देणाऱ्यानं कप तळहातावर ठेवून हात लांब करायचा, बोटांत घट्ट धरला तर ओढाताण होते. कचऱ्याचा डबा टेबलाशेजारी नको, साठ-सत्तर पावलं पुढे हवा, पिऊन होईपर्यंत माणूस तिथे पोचतो. पहिल्या दिवशी कुणीतरी कागद वाचवायला स्टीलचे पेले आणले होते. भावना चांगली होती. आवाज सहकारनगरभर गेला.

पाच किलोमीटरला खरं तर एका पाण्याचीच गरज असते, आणि थंडीत तीही नाही. तरी तालीम करायची, कारण टेबल दिसलं की नवखा गोंधळतो, थांबतो आणि परत पाय उचलायला धजत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबरची हीट. साडेसहाला सुरुवात, पुढच्या वेळी सहा. घरी करण्याचं पाणी सांगितलं: एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, लिंबू चवीपुरतं. मीठ अंदाजे टाकायचं नाही.

अंदाजाची धाव, तीन किलोमीटर. प्रत्येकानं आपली वेळ आधी कागदावर लिहिली. घड्याळं आणि मोबाईल एका पिशवीत. स्वतःच्या अंदाजाच्या सर्वांत जवळ येईल तो पहिला. क्रमांक ११ पहिल्या आल्या, सात सेकंदांच्या फरकानं. त्या हळू धावतात, पण वेग तसूभर बदलत नाही. नऊ जण अंदाजापेक्षा लवकर पोचले, कारण स्वतःला फार कमी लेखून वेळ लिहिली होती. उशिरा आलेले तिघं पूर्वी मनगटावर घड्याळ बघत धावणारे. घड्याळ नसल्यावर त्यांना आपण कुठे आहोत तेच कळेना.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. दिवाळीत सामूहिक सराव बंद. पहाटेच्या फटाक्यांच्या धुरात धावण्यापेक्षा घरी पायऱ्या चढलेलं बरं. फराळावर आमचं काही म्हणणं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

पाच किलोमीटर, पण वेगवेगळ्या वेळी सोडून. अंदाजाच्या धावेवरून प्रत्येकाची पाच किलोमीटरची वेळ काढली. ४६ मिनिटांवाल्यांना ६:३० ला सोडलं, ४३ वाल्यांना ६:३३, ४० वाल्यांना ६:३६, ३६ वाल्यांना ६:४० ला. सगळे आपापल्या वेळेला पोचले तर ७:१६ ला सगळे एकत्र. नवख्याला शेवटच्या पाचशे मीटरमध्ये आजूबाजूला माणसं असण्याची सवय अशीच होते, एरवी तो एकटा पोचतो.

फेरी एक किलोमीटरची, सायकलनं मोजलेली. मोबाईलवर विश्वास नाही, झाडाखाली त्याची रेघ वेडीवाकडी जाते. ५० मीटरच्या टेपवर चाक किती वेळा फिरतं ते आधी मोजलं, दुकानात भरतात तेवढी हवा भरून, वर बसून. हवा कमी असेल तर चाक लहान होतं.

बिघाड: पहिल्या सुटलेल्या तिघी एकट्या पडल्या, मागून लोक येणार या धाकानं पहिला किलोमीटर ठरल्यापेक्षा ४० सेकंद लवकर. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर एक पेसर, म्हणजे ठरलेला वेग धरून सोबत धावणारा. आणि क्रमांक ९ नं मुद्दाम वेळ फुगवून लिहिली असावी, तीन मिनिटं आधी आला. नवा नियम: लिहिलेल्यापेक्षा दोन मिनिटांहून जास्त लवकर आलात तर नाव खालून पहिलं.

चालण्यावर आज पुन्हा वाद झाला. आकडे मांडले. ८ च्या वेगानं सलग धावलात तर पाच किलोमीटरला ४० मिनिटं. ४ मिनिटं त्याच वेगानं धावलात (५०० मीटर) आणि १ मिनिट भरभर चाललात (१०० मीटर), तर पाच मिनिटांत ६०० मीटर, म्हणजे सुमारे ४१ मिनिटं ४० सेकंद. फरक जेमतेम १०० सेकंदांचा. दम संपल्यावर चालणारा बहुधा याच्याही मागे पडतो, कारण तो पुन्हा धावायला लागत नाही. म्हणून चालणं दमल्यावर नाही, चौथं मिनिट संपलं की. बहुतेकांनी ४-१ घेतलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

शेपटाची कामं लिहून काढली, कारण मागच्या दोन सरावांत ती चुकली. शेवटच्या माणसाच्या मागे दहा-पंधरा पावलं राहायचं, शेजारी नाही. शेजारी धावलं की त्याला आपण पकडलो गेलो असं वाटतं. 'थोडंच राहिलं' म्हणायचं नाही, किती राहिलं तो आकडा सांगायचा. कमरेच्या पिशवीत फोन, शंभर रुपये, मीठ-साखरेची पुडी, चार पिना, क्रेप बँडेज. कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला चक्कर आली, तर तिथेच सावलीत आडवं करायचं, मान आणि काखेत पाणी, आणि १०८. आधी संपवू दे, मग बघू, असं नाही.

कुशीत चमक येणं ही वेगळी गोष्ट. वेग कमी, दुखऱ्या जागेवर हात दाबून तोंडानं लांब उच्छ्वास. बहुतेकदा दोन मिनिटांत जाते. आधीच्या दोन तासांत भरपेट पोहे झाले असतील तर जात नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पिशवीची यादी गटावर: बिब (धावकाच्या क्रमांकाचा कागद), चार पिना, वापरलेले बूट (नवे नाहीत), व्हॅसलीन काखेत आणि मांडीच्या आत, सुका टी-शर्ट. बिब पोटावर चारही कोपऱ्यांत, घडी न घालता, मागे रक्तगट आणि घरचा नंबर. पिन फक्त टी-शर्टच्या एका थरातून जाते ना ते पाहणं, काहींनी बनियनसकट टोचली होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

पाच किलोमीटरची सामूहिक धाव. तेरा जण उतरले, क्रमांक ८ बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सुरुवातीच्या पाऊण तास आधी पोचणं हे बरोबर ठरलं, शौचालयाच्या रांगेतच वीस मिनिटं गेली. मागे उभं राहायचं ठरलं होतं तरी निवेदकाच्या भोंग्यानं तिघं पुढे ओढले गेले. पहिला किलोमीटर उताराचा. ठरलेल्या वेगापेक्षा पंधरा-वीस सेकंद हळू जायचं होतं, त्या तिघांचा एक मिनिट लवकर. तिघांचंही चौथ्या किलोमीटरला ४-१ चं १-४ झालं. बाकी दहा जणांनी हात वर करून, कडेला सरकून चालणं इतकं शिस्तीत केलं की मागचे अनोळखी लोकही त्यांच्या घड्याळावर चालू लागले.

पाण्याच्या टेबलाशी कुणी थांबलं नाही.

एक गोष्ट आमच्या हातात नव्हती. शेवटचे दोघं शेपटासह ४७ मिनिटांनी आले तेव्हा आयोजकांनी शेवटच्या रेषेची कमान उतरवायला घेतली होती, एक दोर सुटलेला होता. पुढच्या वेळी नोंदणी करतानाच विचारायचं: रेषा किती वाजेपर्यंत उभी असते? तासाच्या आत उतरवत असतील तर आपण तिथे जायचं नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

५२ पैकी ४१ पिना परत आल्या. शिट्टी बदलली. क्रमांक ८ ला हलकं धावायची परवानगी मिळाली आहे, १-२ पासून, पुन्हा पहिल्यापासून. नवी तुकडी ८ डिसेंबरला. चिठ्ठीवरचा प्रश्न बदलायचा: कशाची भीती वाटते हे विचारलं की सगळे एकसारखं लिहितात. मागच्या वेळी कुठे थांबलात, किती मिनिटांनी, आणि तेव्हा शेजारी कोण होतं, असं विचारायचं.